‘सगळं काचेमागनं बघितल्यासारखं वाटतंय’: बहिणीची काळजी करणाऱ्या एका भावाला उत्तर

कागल तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय. धाकटी बहीण एकवीस वर्षांची, कोल्हापुरात खोली घेऊन बी.एस्सी. करते. गेले सात महिने ती म्हणते, “सगळं काचेमागनं बघितल्यासारखं वाटतंय, हात माझे वाटत न्हाईत.” नवरात्रात आरतीच्या वेळी ती पंधरा मिनिटं भानावर नव्हती, हाका मारल्या तरी ओ दिली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) केला. दोन्ही नॉर्मल आले, आणि “काही नाही, टेन्शन घेऊ नका” म्हणून घरी पाठवलं. आत्या म्हणते, अंगात येतंय, नरसोबाच्या वाडीला न्या. भावाने नेटवर वाचून ठरवलंय की ही स्प्लिट पर्सनॅलिटी असावी. असे आजार किती असतात, हिला नेमका कोणता आणि तो कुठल्या तपासणीत दिसतो, असा त्याचा प्रश्न आहे.

दादा, मी कोल्हापुरात बावीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या बहिणीला न बघता मी निदान सांगणार नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला टोचली. सात महिन्यांत तिला तिघांनी तीन उत्तरं दिली: काही नाही, अंगात येतंय, दोन व्यक्तिमत्त्वं आहेत. काचेमागनं म्हणजे नेमकं कसं, हे मात्र तिला कुणी बसून विचारल्याचं तुमच्या पत्रात नाही. या आजारांचं निदान त्या विचारण्यातूनच होतं. ते रक्तात सापडत नाही आणि एमआरआयच्या फिल्मवर उमटत नाही. “रिपोर्टमध्ये काही निघालं नाही” एवढ्यावरही ते ठरत नाही. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात आणि त्या शोधाव्या लागतात.

या आजारांना डिसोसिएटिव्ह डिसऑर्डर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला विघटन, वियोजन असे शब्द आहेत, पण रुग्णाशी बोलताना मी ‘सांधा सुटणं’ म्हणते. आठवण, भान, भावना, शरीराची जाणीव आणि ‘मी’पणा हे सगळं एरवी एकमेकांना धरून चालतं. त्यातलं काहीतरी बाकीच्यांपासून सुटतं. प्येर जाने या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार पहिल्यांदा नीट मांडला. थोडंफार सांधा सुटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. गाडीवरून सांगलीला निघालात, डोक्यात घरचा विचार चालू आहे, जयसिंगपूर आल्यावर लक्षात येतं की हातकणंगले कधी मागे पडलं ते कळलंच नाही. यात आजार काही नाही. सांधा वारंवार सुटतो, आपल्या हातात राहत नाही आणि त्यामुळे अभ्यास, नोकरी, घर अडतं, तेव्हा त्याला आजार म्हणायचं.

तुम्ही जे शब्द लिहिलेत ते मी माझ्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकत आलेय. काचेमागनं. धुक्यातनं. पिक्चर बघितल्यासारखं. “मी बोलतोय, पण आवाज दुसऱ्याचाच येतोय.” “आईकडं बघतोय, आई हाय हे कळतंय, पण आतनं काही वाटतच न्हाई.” हे शब्द एका कमी माहीत असलेल्या विकाराकडे बोट दाखवतात. त्याचं नाव डिपर्सनलायझेशन-डिरिअलायझेशन. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं हा त्याचा एक भाग आणि जग खोटं, सपाट, लांबचं वाटणं हा दुसरा. काहींना एकच असतो, काहींना दोन्ही. थोडा वेळ असं वाटणं इतकं सर्रास आहे की साधारण निम्म्या माणसांना आयुष्यात कधीतरी त्याचा अनुभव येतो: जागरणात, तापात, अपघाताच्या क्षणी, घरात कुणी गेल्यावर. विकार म्हणण्याइतकं टिकून राहणं सुमारे दोन टक्क्यांमध्ये दिसतं. सुरुवात बहुतेक वेळा सोळाच्या आसपास होते, पंचविशीनंतर क्वचित. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं तर मी आधी शरीरात कारण शोधते.

इथे एक शब्द फार मोलाचा आहे, तो म्हणजे ‘जणू’. “हात माझे नाहीत असं वाटतं” म्हणणारी मुलगी आणि “हे हात माझे नाहीत, कुणीतरी बदललेत” म्हणणारी मुलगी, या दोघींच्या आजारात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलीला हात आपलेच आहेत हे पक्कं ठाऊक असतं, फक्त ते जाणवत नाही, आणि ठाऊक असूनही जाणवत नाही यानेच ती घाबरते. दुसरीची वास्तवाची पकड सुटलेली असते, तो सायकोसिस. घाईघाईत ऐकलं की पहिलीला दुसरीच्या गोळ्या सुरू होतात. असे कागद घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हा ‘जणू’ मी दर वेळी दोनदा विचारून घेते.

या मुली वर्षानुवर्षं गप्प राहतात, कारण सांगितलं तर वेडी ठरवतील ही भीती असते. शिवाय सांगायला शब्द सापडत नाहीत. मग त्या डोकं जड आहे, चक्कर येते, नंबर वाढला असेल असं सांगतात. मी विचारते, “आरशात बघितल्यावर कसं वाटतं? कधी चिमटा काढून बघतेस का?” त्यावर समोरचीचे डोळे भरून येतात आणि ती म्हणते, “तुम्हाला कसं कळलं?” तुमची बहीण काचेचं तुमच्यापाशी बोलली, दादा, म्हणजे तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तो जपा.

भाषेचंच निघालं म्हणून सांगते. शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने, तो विदर्भातला होता, एका मुलीच्या कागदावर लिहिलं होतं: ‘रुग्ण स्वतःबद्दल पुरुषी क्रियापदं वापरते, ओळख बदलत असल्याची शंका.’ ती मुलगी राधानगरीकडची. “मी आलो, मी जेवलो” म्हणत होती, जशा आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात. मी स्वतः घरी तसंच बोलते. त्या मुलाचा हेतू चांगला होता, कानही तिखट होता, पण गावची बोली त्याला ठाऊक नव्हती. तेव्हापासून नव्या विद्यार्थ्यांना मी सांगते, की माणूस जिथला आहे तिथे काय सर्रास चालतं हे कळल्याशिवाय वेगळं काय ते ओळखता येत नाही.

हीच गोष्ट आरतीच्या प्रसंगाला लागू आहे. अंगात येणं आपल्याला नवं नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत, गावच्या जत्रेत हलगी-ढोलाच्या ठेक्यावर बायका-पुरुष घुमतात, भंडारा किंवा गुलाल लावला की शांत होतात, घरी जाऊन भाकरी थापतात. त्याला मी आजार म्हणत नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरणही म्हणत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या त्याच्या अकराव्या आवृत्तीत ट्रान्स आणि पझेशन ट्रान्स असे दोन वेगळे विकार दिले आहेत. ट्रान्समध्ये भान आवळून जातं, नजर एका जागी खिळते, त्याच त्या हालचाली होत राहतात, पण माणूस दुसरा कुणी होत नाही. पझेशनमध्ये देव, पूर्वज, भूत अशा दुसऱ्या कुणीतरी ताबा घेतल्यासारखं वागणं आणि बोलणं होतं. दोन्हींसाठी अटी स्पष्ट आहेत. ते नको असताना आपोआप यावं लागतं, त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीत न बसणारं असावं लागतं, त्याने त्रास व्हावा लागतो आणि ते पुन्हा पुन्हा व्हावं लागतं. एकाच प्रसंगावर निदान करायचं तर तो प्रसंग काही दिवस चाललेला असावा लागतो. तुमच्या बहिणीच्या एका आरतीतल्या पंधरा मिनिटांवरून यातलं कुठलंच नाव देता येणार नाही. उपवास, गर्दी, घंटांचा आवाज, कापराचा धूर आणि आधीच सैल झालेले सांधे, एवढं त्या पंधरा मिनिटांना पुरेसं असू शकतं.

आत्याबद्दल मनात राग धरू नका. वाडीला दर्शनाला जायचं असेल तर जा, दत्ताच्या पायरीवर बसून मन शांत होतं हे मीही अनुभवलंय. पण देवरुषाने उतारा, मार, साखळी, मिरचीची धुरी असलं काही सुचवलं तर तिथून उठायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आधीच घाबरून तुटलेल्या मुलीला मारलं तर ती आणखी तुटते, हे मी उपचारांत पाहिलंय आणि ते सुधारायला वर्षं लागली आहेत.

आता बाकीच्या प्रकारांकडे वळते, कारण तुम्ही ‘किती’ असं विचारलंत.

डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशिया म्हणजे आठवणीचा सांधा सुटणं. २०१९ च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पाणी उंबऱ्याला लागलं तिथपर्यंत तिला सगळं आठवत होतं आणि त्यानंतर थेट शाळेतल्या छावणीतली सकाळ. मधले चौदा तास कोरे. त्या वेळात तिने सासूला बोटीत चढवलं होतं, गुरांची दावी कापली होती, लोकांशी नीट बोलली होती. आधीचं-नंतरचं शाबूत, नवं लक्षात ठेवता येतंय आणि जे गेलंय ते नेमकं सोसवणार नाही असंच, ही या विकाराची ठेवण. याउलट साठीतला माणूस अचानक “आपण कुठं आलोय? आपण कुठं आलोय?” असं दर दोन मिनिटांनी विचारू लागला, नवं काहीच डोक्यात ठरत नसलं आणि एका दिवसाच्या आत पूर्ववत झाला, तर ती ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया असू शकते. ते काम मेंदूच्या डॉक्टरांचं. डोक्याला मार, दारू, साखर उतरणं, फिट्स हेही आधी पाहावं लागतं.

याच विस्मरणाचं एक दुर्मीळ रूप म्हणजे फ्यूग: माणूस घर सोडून निघून जातो आणि आपण कोण हेच विसरतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे धर्मोपदेशक अ‍ॅन्सेल बोर्न १८८७ मध्ये असे नाहीसे झाले आणि पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊन गावात ए. जे. ब्राऊन या नावाने दुकान चालवत राहिले. सुमारे दोन महिन्यांनी एका सकाळी जागे झाले ते ‘मी इथे कसा?’ विचारतच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पुढे त्यांचा अभ्यास केला. अमेरिकन मनोविकार संघटनेने डीएसएम-५ या मनोविकारांच्या आपल्या २०१३ च्या वर्गीकरणात फ्यूगचं वेगळं खातं काढून तो विस्मरणातच धरला.

गान्झर सिंड्रोम त्याहून विरळ. झिगबर्ट गान्झर यांनी १८९८ मध्ये कैद्यांमध्ये त्याचं वर्णन केलं. गाईला पाय किती, तर पाच. प्रश्न समजलेला असतो, उत्तर जवळपासचं पण चुकीचं येतं. तुमच्या बहिणीशी याचा संबंध दिसत नाही.

माझ्या ओपीडीत सर्वांत जास्त येतात ते झटके. हातपाय आवळतात, डोळे मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलते, कधी मध्येच रडू येतं, पाच-दहा मिनिटं चालतं. यांना डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल झटके म्हणतात. खऱ्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात, झटका बहुतेक वेळा दोन मिनिटांत आटपतो, जिभेची कड चावली जाते, नंतर बराच वेळ गुंगी राहते. एकट्या एका खुणेवर निकाल देता येत नाही आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. ‘खरी फिट’ असं मी आत्ता सवयीने लिहिलं, ते मागे घेते. हे झटकेही खरेच असतात. मुलगी सोंग करत नसते. “नाटक करतेय” हे वाक्य घरात एकदा उच्चारलं गेलं की माझं काम सहा महिने मागे जातं. तिचा असा काही प्रसंग पुन्हा झाला तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि डोळे दिसतील असा. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ मला तासाभराच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. एकदा केलेला साधा ईईजी फिट्सच्या कित्येक रुग्णांमध्येही नॉर्मल येतो, म्हणून शंका राहिली तर झोप कमी करून पुन्हा ईईजी किंवा व्हिडिओ-ईईजी करायला लागतो.

राहिली तुमची स्प्लिट पर्सनॅलिटी. लोक ज्याला स्प्लिट म्हणतात तो डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, आणि त्याचा स्किझोफ्रेनियाशी काही संबंध नाही. त्यात दोन किंवा अधिक वेगळ्या ‘मी’ आळीपाळीने ताबा घेतात. रोजच्या व्यवहारातल्या गोष्टीही आठवत नाहीत: कपाटात अनोळखी खरेदी, न आठवणारे संवाद. बहुतेकांच्या लहानपणी दीर्घकाळ छळ झालेला असतो. नव्या वर्गीकरणात त्याचं अर्धवट रूपही वेगळं नोंदलंय, ज्यात एकच ‘मी’ बहुतेक वेळ ताब्यात असते आणि दुसरी अधूनमधून डोकावते. सिनेमात दिसतं तसं भडक रूप मी क्वचितच पाहिलंय. तुमच्या पत्रात वेळ हरवल्याची खूण त्या पंधरा मिनिटांपलीकडे कुठेच नाही. म्हणून तिला “तुझ्यात आणखी कोण आहे?” असं विचारू नका. सुचवलेलं उत्तर घाबरलेल्या मनात रुजतं. याच कारणाने संमोहनाने ‘आतलं बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा.

मग मी प्रत्यक्षात काय करते? पहिली भेट पाऊण-एक तासाची. आधी मुलगी एकटी, मग घरचे. पहिल्यांदा कधी झालं, त्या आठवड्यात काय चाललं होतं, किती तास झोप होती हे विचारते. गांजा किंवा भांग, अगदी एकदाच का होईना, घेतली होती का हेही विचारते. यावर खरं उत्तर भावासमोर मिळत नाही, म्हणूनच तिला एकटीला भेटते. छातीत धडधड आणि मरणाची भीती असे झटके येतात का, मन उदास आहे का, जीव द्यावासा वाटतो का, कुणी त्रास दिलाय का, हेही विचारते. शेवटचा प्रश्न पहिल्या भेटीत फक्त दार उघडं ठेवण्यापुरता. त्यानंतर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, आणि गरज वाटली तरच मेंदूची तपासणी. तुमच्याकडे दोन रिपोर्ट तयार आहेत, ते वाया गेलेले नाहीत.

प्रश्नावल्याही वापरते. बर्नस्टाइन आणि पुटनम यांनी १९८६ मध्ये तयार केलेली २८ प्रश्नांची एक आहे. प्रत्येक अनुभव किती टक्के वेळा येतो ते विचारतात आणि सरासरी तीसच्या वर गेली तर खोलात शिरायचं. तिचा पहिलाच प्रश्न प्रवासातला मधला भाग न आठवण्याबद्दल आहे, म्हणजे आपलं हातकणंगलेच. काचेमागच्या अनुभवासाठी केंब्रिजची २९ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, ती गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते. पण आकडा म्हणजे निदान नव्हे. नेटवर भरून आलेली मुलं “मॅडम, माझा स्कोअर बेचाळीस” म्हणतात तेव्हा मी कागद बाजूला ठेवून एकेका ‘हो’मागचा प्रसंग विचारते. बऱ्याचदा बेचाळीसचे बावीस होतात, कधी एखाद्या ‘नाही’मागे मोठं काही निघतं. आणि निदान एका भेटीत होईलच असंही नाही. कधी तिसऱ्या-चौथ्या भेटीत माझं पहिलं मत बदलतं, तसं मी घरच्यांना आधीच सांगून ठेवते.

तुमच्या पत्रापुरतं म्हणायचं तर मी डिपर्सनलायझेशनची शक्यता सर्वांत वर ठेवून तपासायला सुरुवात करेन. त्याबरोबर चिंता, पॅनिक किंवा उदासीनता आहे का ते पाहीन, आणि आरतीच्या प्रसंगासाठी फिट्सची शंका पूर्ण मिटली का ते मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून घेईन. सात महिन्यांपूर्वी काय घडलं, हे तुमच्या पत्रात नाही. परीक्षा, खोली बदलणं, एखादं नातं तुटणं, की तुम्हाला माहीत नसलेलं काही? माझा पहिला प्रश्न तोच असेल.

उपचारांबद्दल थोडक्यात. यासाठी खास अशी एकच गोळी नाही. सोबतच्या चिंतेसाठी किंवा उदासीनतेसाठी औषधं देतो, आणि ती सुरू असतील तर मनाने बंद करायची नाहीत. मुख्य काम बोलण्याच्या उपचारांचं. यात एक चक्र असतं: वेगळं वाटतं, म्हणून ती घाबरते, म्हणून पुन्हा पुन्हा हात बघते, आरसा बघते, आणि बघितल्याने आणखी वेगळं वाटतं. ते चक्र आम्ही हळूहळू सोडवतो. “तुला होतंय त्याला नाव आहे, ते बऱ्याच जणांना होतं, तू वेडी होत नाहीयेस,” हे ऐकूनच काहीजणींची भीती निम्मी उतरते. घरी एवढं करा: झोप वेळेवर, जेवण चुकवणं बंद, रात्री मोबाइलवर लक्षणं शोधणं बंद. काच आली की गार पाण्यात हात, पायाखालची फरशी, कढीपत्त्याचा चुरगळलेला वास, असं काहीतरी इंद्रियांना धरून ठेवणारं.

जीव द्यायचं बोलली, स्वतःला इजा केली, कुणी आदेश देतंय असं म्हणाली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा झटक्यानंतर शुद्ध आली नाही, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

भेटीला येण्याआधी दोन आठवडे तिला एक वही करू द्या. तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं, कसं वाटलं, किती वेळ टिकलं, आदल्या रात्री किती झोप. शब्द तिचेच असू देत, ‘काचेमागनं’ असेल तर ‘काचेमागनं’च लिहू दे, शुद्ध मराठीत करायला जाऊ नका. वही तुम्ही वाचायची नाही. ज्या कुणा डॉक्टरकडे जाल त्यांना सांगा, की आधी अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोला, मी बाहेर थांबतो.